सिनेमा दाखवा, पण मध्येच थांबवा

(वाचकांचे प्रश्न, निवृत्त राज्यशास्त्राच्या मास्तरांची उत्तरं. या वेळचा विषय : सिनेमा आणि आंतरराष्ट्रीय राजकारण)

प्रश्न : मी बारावीला राज्यशास्त्र शिकवते. युगोस्लाव्हिया फुटला, बोस्नियात युद्ध झालं, शांतिसेना गेली, हे सगळं दोन वाक्यांत उरकावं लागतं आणि मुलं बाकाखाली मोबाइल बघतात. सिनेमा दाखवून शिकवावंसं फार वाटतं. पण तास ४० मिनिटांचा, आणि प्राचार्य म्हणतात, वर्गात टाइमपास नको. काय करू? — एक शिक्षिका, बार्शी

उत्तर : बाई, तुमच्या प्राचार्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे. सबंध सिनेमा लावून द्यायचा आणि आपण मागच्या बाकावर पेपर तपासत बसायचं, हा टाइमपासच. मी केलाय, म्हणून सांगतो. १९६२च्या क्युबाच्या पेचावरचा, म्हणजे सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून अमेरिका-रशिया अणुयुद्धाच्या तोंडाशी आले त्यावरचा, 'थर्टीन डेज' एकदा सलग दाखवला, जवळजवळ अडीच तास. पुढच्या चाचणीत विचारलं, १९६२ साली अणुयुद्ध कशामुळे टळलं? सहा जणांनी लिहिलं, "केविन कॉस्टनर यांच्या मुत्सद्देगिरीमुळे." आदरार्थी बहुवचनासकट! कॉस्टनर हा नट. तो ज्या केनेथ ओ'डॉनेलची भूमिका करतो तो केनेडींचा सहायक होता खरा, पण त्या तेरा दिवसांत त्याचं वजन पडद्यावर दिसतं तेवढं नव्हतं. पोरांना काय बोलणार? कॅमेरा ज्याच्या मागे फिरतो तो मोठा वाटणारच.

तेव्हापासून माझा शिरस्ता ठरला. आठ-दहा मिनिटांचा तुकडा, मध्येच बंद, आणि प्रत्येकाच्या हातात कोरा कागद.

तुमच्या धड्याला 'नो मॅन्स लँड' घ्या. नाव ऐकून कुणाला जुनी जखम आठवेल. मार्च २००२मध्ये आपण सगळे 'लगान'ला ऑस्कर मिळणार म्हणून बसलो होतो. दिग्दर्शक गोवारीकर, म्हणजे घरचंच कार्य. बक्षीस गेलं बोस्नियाच्या या सिनेमाला. मीही चार शिव्या हासडल्या होत्या. पुढे सीडी मिळाली, एका रात्रीत पाहिली, आणि शिव्या परत घेतल्या. दिग्दर्शक डॅनिस टानोविच युद्धात स्वतः सारायेव्होत कॅमेरा घेऊन फिरलेला माणूस. ते जाणवतं.

साल १९९३. बोस्नियाच्या आणि सर्बांच्या फौजांच्या मधोमध एक खंदक. त्यात बोस्नियाचा चिकी आणि सर्ब निनो, दोघंही जखमी. तिसरा त्सेरा. तो मेला असं समजून निनोच्या जोडीदाराने त्याच्या अंगाखाली सुरुंग दडवलेला, आणि आता त्सेरा शुद्धीवर आलाय. तो हलला की सुरुंग उडणार. सगळा सिनेमा एवढ्यावर.

पहिला तुकडा बंदुकीचा. चिकीच्या हातात बंदूक आहे आणि तो निनोला विचारतो, युद्ध कोणी सुरू केलं? निनो आधी हुज्जत घालतो, मग नळी बघून म्हणतो, आम्ही. थोड्या वेळाने बंदूक निनोकडे येते. प्रश्न तोच, आणि आता चिकीही म्हणतो, आम्ही. इथे बंद करा. "इतिहास कोण लिहितो?" असला भारदस्त प्रश्न फळ्यावर लिहू नका. त्यांनाच कागदावर लिहू द्या, काय झालं ते.

दुसरा तुकडा संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचा. पांढरी गाडी येते, खंदकाकडचे सैनिक या शांतिसैनिकांना निळ्या टोप्यांवरून 'स्मर्फ' (कार्टूनमधले निळे बुटके) म्हणतात. फ्रेंच सार्जंट मार्शांला मदत करायची आहे, वरून हुकूम येतो, काही करू नका. इथे मात्र सिनेमा बंद करून खडू हातात घ्या, कारण पुढचं पडद्यावर नाही. फळ्यावर दोन आकडे लिहा : ३४,००० आणि ७,६००. १९९३ साली सुरक्षा परिषदेने स्रेब्रेनित्सा, सारायेव्हो वगैरे सहा ठिकाणं 'सुरक्षित क्षेत्रं' म्हणून जाहीर केली. ती राखायला सुमारे ३४,००० जादा सैनिक लागतील असा महासचिवांचा हिशेब होता. परिषदेने मंजूर केले ७,६००. विचारा पोरांना, उरलेले कुठे गेले? जुलै १९९५मध्ये स्रेब्रेनित्सा सर्ब फौजेच्या हाती पडलं आणि आठ हजारांच्या आसपास पुरुष नि मुलगे मारले गेले. तिथे डच शांतिसैनिक हजर होते.

या सिनेमावर माझा राग आहे तो इथेच. त्यातला संयुक्त राष्ट्रांचा कर्नल सेक्रेटरीला घेऊन हेलिकॉप्टरने उतरतो, अगदी विदूषक. हसू येतं. पण त्या हसण्यात न्यूयॉर्कमधल्या सुरक्षा परिषदेच्या टेबलाभोवती हात वर करणारी पंधरा राष्ट्रं अलगद सुटून जातात. ठराव करायचा, माणसं द्यायची नाहीत, आणि मग टोपीवाल्याला भित्रा म्हणायचं. हे तुम्हीच बोलून दाखवायला हवं.

तिसरा तुकडा शेवटचा. शेवट फोडतो, कारण शिकवणाऱ्याला तो आधी ठाऊक हवा. सुरुंग निकामी होण्यातला नाही. मग कॅमेऱ्यांसमोर देखावा करतात, माणूस वाचला म्हणून. बातमीदार बाईंना विचारलं जातं, खंदक चित्रित करायचा का? त्या म्हणतात, नको, खंदक सगळे सारखेच. गाड्या निघून जातात. त्सेरा तसाच पडलेला. याच्यानंतर दोन मिनिटं काही बोलू नका.

आणि हो, तुकडे आधी घरी पाहून घ्या. सिनेमात शिव्या सढळ आहेत, प्राचार्य नेमके त्याच वेळी दारातून डोकावतात.

प्रश्न : सिनेमा म्हणजे एका बाजूचा प्रचार. त्यावरून परराष्ट्रकारण शिकणं म्हणजे जाहिरात पाहून साबणाची परीक्षा करण्यासारखं नाही का? — निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

उत्तर : साहेब, साबणाचा दाखला आवडला. पण बाजू असणं हा दोष धरला तर मग राजदूतांची आत्मचरित्रंही रद्दीत घालावी लागतील.

'द बॅटल ऑफ अल्जियर्स' पाहा, १९६६चा. अल्जीरिया १९६२ला स्वतंत्र झाला, चारच वर्षांत हा आला. फ्रेंचांविरुद्ध लढलेला सादी यासेफ हा त्याच्या निर्मात्यांपैकी एक, आणि त्यात कामही त्यानेच केलंय, जवळजवळ स्वतःचंच. याहून एका बाजूचं काय असणार? तरी त्यातला एक प्रसंग सांगतो. अल्जियर्स या राजधानीतल्या कासबा या जुन्या अरब वस्तीतल्या तीन बायका आरशासमोर बसून केस कापतात, रंगवतात, युरोपियन कपडे चढवतात. नाक्यावर अरब पुरुषांची झडती चाललीय, आणि या बाँबची पिशवी घेऊन शिपायाशी हसतबोलत पार. एक जण दूधबारमध्ये जाते. कॅमेरा आता घाई करत नाही. बसलेल्यांचे चेहरे एकेक दाखवतो. एक लहान पोर आइस्क्रीम चाटतंय. मग स्फोट. ज्यांनी बाँब ठेवला त्यांच्याच बाजूच्या सिनेमाने ते पोर दाखवलं. आणि मेलेल्या अरबांना नि मेलेल्या फ्रेंचांना पार्श्वसंगीत एकाच सुराचं आहे. एकदा डोळे मिटून ऐका.

फ्रान्सने हा सिनेमा काही वर्षं लोकांपुढे येऊ दिला नाही. २००३ साली, इराकात सैन्य अडकल्यावर, पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, तो आपल्या अधिकाऱ्यांना दाखवला. सिनेमात फ्रेंचांनी छळ करून माहिती काढली, संघटना मोडली, शहर जिंकलं, आणि देश गेला. अधिकाऱ्यांनी त्यातून काय घेतलं हे इराककडे पाहून तुम्हीच ठरवा.

प्रश्न : सर, एमपीएससी करतोय. आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी दहा सिनेमांची यादी द्या. — पुणे

उत्तर : देत नाही. तुझ्याकडे वेळ नाही आणि यादी पाठ करायची तुला सवय आहे. 'थर्टीन डेज' तेवढा पाहा, आणि मग एकच गोष्ट शोध : त्यात काय नाही. २७ ऑक्टोबर १९६२ला क्युबाजवळ 'बी-५९' ही सोव्हिएत पाणबुडी अमेरिकी जहाजांनी घेरली होती. आत अण्वस्त्र असलेला टॉर्पेडो होता. कॅप्टन तो डागायच्या बेतात होता, वासिली अर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने विरोध केला. हे जगापुढे आलं २००२च्या हवाना परिषदेत. सिनेमा २०००चा. व्हाइट हाउसमध्ये लावलेल्या कॅमेऱ्याला पाण्याखालचं दिसणार कसं? मुलाखतीत एवढं सांगितलंस तरी पुरे.

प्रश्न : आमची मुलं मराठी माध्यमाची. इंग्रजी सबटायटल वाचेपर्यंत पुढचं वाक्य आलेलं असतं. — शिक्षक, सांगोला

उत्तर : माझीही तीच होती, तुमच्याच जिल्ह्यातली. पहिल्या वर्षी मी पडद्याशेजारी उभा राहून ओरडून भाषांतर करायचो, कीर्तनकारासारखा. घसा बसला. मग दुसरी युक्ती केली. आवाज बंद करून तुकडा दोनदा दाखवायचा, प्रसंग काय आहे ते आधी सांगून ठेवायचं, आणि संवाद मुलांनीच आपल्या बोलीत लिहून म्हणायचे.

'नो मॅन्स लँड'मधल्या बंदुकीच्या प्रसंगाला दोन पोरं पुढे आली. भावकीतलीच, आणि बांधावरून त्यांच्या घरांचं बोलणं बंद होतं. हे मला नंतर कळलं, नाहीतर निवडलं नसतं. चिकी झालेल्याने लाकडी पट्टी रोखली. "सांग, कुणी काढली भांडणं?" दुसरा म्हणाला, "आमी." वर्ग हसला. मग पट्टी दुसऱ्याकडे गेली. "आता तू सांग. कुणी काढली?" पडद्यावर चिकीचे ओठ कधीच हलून गेले होते. हे पोरगं पट्टीकडे बघत उभं. मी चित्र थांबवलं. बऱ्याच वेळाने ते म्हणालं, "सर, ह्ये मी कागदावर लिवून दिलं तर चालंल का?"