‘जे काही मागाल’ या वचनाचा अर्थ लावताना

बायबलमधील मार्कच्या शुभवर्तमानात (येशूच्या चरित्रात) 11:24 मध्ये प्रार्थना करून जे काही मागाल ते मिळेल असे स्पष्ट लिहिले असताना, वर्षानुवर्षे मागूनही मिळाले नाही तर आपला विश्वास खोटा ठरतो का, असे आपण विचारले आहे. माझे उत्तर ‘नाही’ असे आहे, आणि त्याचा आधार त्याच शुभवर्तमानात आहे.

आधी मार्कची सांगण्याची पद्धत पाहावी; ‘सर्व’सारखे शब्द तो नेहमी मोजून वापरत नाही. सगळा यहूदीया प्रांत व सर्व यरुशलेमकर योहान या संदेष्ट्याकडे जाऊन बाप्तिस्मा (पाण्याने शुद्धीचा विधी) घेत होते, असे तो 1:5 मध्ये म्हणतो. परूशी व शास्त्री या यहूदी धर्मपुढाऱ्यांनी मात्र तो घेतला नाही, हे लूक 7:30 मध्ये आहे. यात कोणीही खोटे बोललेले नाही. ‘सगळा गाव लोटला’ असे आपणही म्हणतो, तेव्हा ऐकणारा डोकी मोजायला बसत नाही. यहोशवा 11:23 मध्ये यहोशवाने सर्व देश घेतला असे आहे, तर 13:1 मध्ये पुष्कळ देश घ्यायचा राहिला आहे असे परमेश्वरच सांगतो.

अर्थात, ‘सर्व’ दिसले की त्याला कात्री लावावी, असे मी म्हणत नाही. ‘सर्वांनी पाप केले आहे’ (रोम. 3:23) येथे प्रेषित पौलाने आधीचे अध्याय खर्चून यहूदी आणि यहूदीतर या दोघांनाही त्यात आणले आहे, तेथे सूट शोधणे हा अप्रामाणिकपणा होईल. व्याप्ती किती, हे संदर्भच ठरवतो.

आता आपले वचन. ते वाळलेल्या अंजिराच्या झाडापाशी शिष्यांना सांगितलेले आहे, आणि लगेच 11:25 मध्ये प्रार्थनेला उभे राहताना इतरांना क्षमा करण्याची आज्ञा येते. म्हणजे येथे देवाशी असलेल्या नात्याविषयी बोलणे चालले आहे, इच्छापूर्तीचा करार लिहिला जात नाही. तीनच अध्यायांनंतर, अटकेच्या रात्री गेथशेमाने या ठिकाणी, हे शब्द उच्चारणारा येशू स्वतः ‘तुला सर्व काही शक्य आहे’ असे म्हणून प्याला, म्हणजे येऊ घातलेले दुःख व मरण, दूर करण्याची विनंती करतो आणि ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ असे जोडतो (14:36). तो प्याला दूर झाला नाही. पौलानेही ‘शरीरातील काट्यासाठी’, म्हणजे त्याला छळणाऱ्या त्रासासाठी, तीनदा विनवणी केली, आणि काटा निघण्याऐवजी त्याला कृपा पुरेशी असल्याचे उत्तर मिळाले (2 करिंथ. 12:8-9). न मिळालेल्या उत्तरावरून आपल्या विश्वासाचे माप काढणाऱ्याने हेच माप या दोघांना लावून पाहावे.