एसएच२ डोमेन फॉस्फोटायरोसिनच का धरतं, फॉस्फोसेरीन का नाही?
प्रश्न बडोद्याचाच, सयाजीराव विद्यापीठातला दिसतोय, म्हणून लगेच लिहितो. फॉस्फोटायरोसिन आणि फॉस्फोसेरीन म्हणजे फॉस्फेट जोडलेली टायरोसिन आणि सेरीन ही अमिनो आम्लं. सगळा खेळ एसएच२च्या खिशाच्या, म्हणजे ती जिथे बसतात त्या खाचेच्या, खोलीचा आहे. एसएच२ म्हणजे साधारण १०० अमिनो आम्लांचं डोमेन, प्रथिनाचा स्वतंत्र घडी असलेला भाग. त्याच्या खिशाच्या तळाशी धनभारित आर्जिनिन हे अमिनो आम्ल असतं, ते फॉस्फेटला हायड्रोजन बंधांनी धरतं. टायरोसिनची साखळी लांब, तिचा फॉस्फेट तळापर्यंत पोचतो. सेरीनची आखूड, वरच राहते.

पण कोणतं प्रथिन जोडीदार होणार हे एवढ्यावर ठरत नाही (गाइडं नेमकी इथे थांबतात!). सार्क (Src) या प्रथिनाच्या एसएच२ला टायरोसिननंतर तिसऱ्या जागी आयसोल्युसिन आवडतं. जीआरबी२ (Grb2) या प्रथिनाच्या एसएच२ला दुसऱ्या जागी अ‍ॅस्परॅजिन लागतं, कारण त्याचं ट्रिप्टोफॅन आडवं येतं आणि पेप्टाइडला (जोडीदाराच्या अमिनो आम्लांच्या साखळीला) वळण घ्यावंच लागतं. पकड मात्र बेताचीच, विलगीकरण स्थिरांक (तो जितका मोठा तितकी पकड सैल) बहुधा मायक्रोमोलरच्या आसपास. फॉस्फटेज या एन्झाइमने फॉस्फेट काढला की जोडी सुटते.