कॉम्प्युटरवर चालते, प्लेअरवर अडकते

प्रश्न: लग्नाचा व्हिडिओ डीव्हीडीवर बर्न केला, कॉम्प्युटरवर एकदम मस्त चालतो पण टीव्हीच्या प्लेअरवर तासाभरानं चित्राचे चौकोन चौकोन होतात आणि मग सगळं ठप्प. दुसऱ्या एका डिस्कला तर प्लेअर सरळ ‘नो डिस्क’ म्हणतो. प्लेअर बिघडलाय का?

उत्तर: प्लेअरला इतक्यात शिव्या नका घालू, विकतची डीव्हीडी त्यावर नीट चालत असेल तर तो बहुतेक ठणठणीत आहे. डिस्क आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटी शेवटी अडकते तेव्हा लेसर बाहेरच्या कडेला पोचलेला असतो आणि घाईत केलेलं बर्निंग तिथेच दगा देतं. बर्निंगचा १६एक्स वेग सोडा, ४एक्स किंवा ८एक्सला करून बघा, थोडा वेळ जास्त लागेल पण चालतंय. डिस्क काठोकाठ भरू नका, ४.७ जीबीची डिस्क कॉम्प्युटर ४.३८च दाखवतो, त्यातही थोडी जागा सोडा. वर कागदी स्टिकर चिकटवलंय का? असेल तर तेही कारण असू शकतं, फिरताना तोल जातो, मार्करनं नाव लिहा की.

‘नो डिस्क’वाली बहुतेक फायनलाइज (म्हणजे शेवटी डिस्क बंद करून इतर प्लेअरना वाचता येईल अशी) करायची राहिलीय, बर्निंग सॉफ्टवेअरमध्ये तो ऑप्शन असतो. आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी डिस्क असेल तर तिच्यावरून लेसर कमी परावर्तित होतो, काही जुन्या प्लेअरना ती दिसतच नाही, मग साधी, एकदाच लिहिता येणारी डीव्हीडी-आर घ्या.