एर्लोटिनिबनंतर चेहऱ्यावर आलेलं पुरळ म्हणजे ‘उष्णता’ नव्हे

पिंपळगावच्या दादांनी विचारलंय: आईला फुफ्फुसाच्या कॅन्सरसाठी एर्लोटिनिब सुरू होऊन 10 दिवस झाले, नाक, गाल आणि छातीवर पुरळ आलंय, शेजारच्या बायका उष्णता झाली म्हणतात, तर गोळी बंद करू का?

आपल्या मनाने बंद करू नका. ज्या डॉक्टरांनी गोळी दिली त्यांना आजच पुरळ दाखवा. मी नाशिकमध्ये बरीच वर्षं कॅन्सरच्या औषधांचं दुकान सांभाळलंय. या गोळीवर पहिल्या एक-दोन आठवड्यांत असं पुरळ बऱ्याच जणांना येतं.

आपल्या कातडीच्या तळातल्या पेशींवर ईजीएफआर नावाचं प्रथिन असतं. ईजीएफसारखा (ईजीएफ म्हणजे वाढीचा निरोप देणारं प्रथिन) रेणू त्याला येऊन चिकटला की पेशीला आत निरोप मिळतो: वाढ, विभागत राहा, इतक्यात पक्व होऊ नकोस. स्टॅन्ली कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने ईजीएफ असलेला अर्क उंदरांच्या नवजात पिल्लांना टोचला, तेव्हा त्यांचे डोळे वेळेआधीच उघडले. ईजीएफच्या शोधासाठी त्यांना 1986 मध्ये नोबेल मिळालं.

फुफ्फुसाच्या काही गाठींत हेच प्रथिन बिघडून सतत चालू राहतं. गोळी ते बंद पाडते, पण कातडीतलं चांगलं ईजीएफआरही त्यात सापडतं. मग तळातल्या पेशी कमी वाढतात, लवकर पक्व होतात, कातडी पातळ आणि कोरडी पडते. दुसरी गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. ईजीएफआर दाहालाही आवरून धरत असतं. ते गप्प झालं की कातडीच्या पेशी केमोकाइन नावाची प्रथिनं सोडतात आणि त्यांच्या मागावर पांढऱ्या पेशी गोळा होतात. पुळीत दिसतो तो पू सुरुवातीला बहुधा या पेशींचाच असतो, जंतूंचा नाही. पण जंतू मारणारी कातडीची स्वतःची प्रथिनंही घटतात, म्हणून पुढे स्टॅफ जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.

दिसायला मुरमं वाटली तरी ही मुरमं नाहीत. मुरमांची बेंझॉइल पेरॉक्साइडची क्रीम, लिंबू, मुलतानी माती यांतलं काहीही लावू नका, कातडी आणखी सोलवटेल. बिनवासाचं मॉइश्चरायझर दिवसातून दोनदा, कोमट पाण्याने अंघोळ, बाहेर पडताना सनस्क्रीन. निफाडकडच्या थंडीत तर मॉइश्चरायझर जरा सढळ हातानेच लावा. द्राक्षबागेत जायचंच असेल तर सकाळी लवकर, पदर-टोपी घेऊन. डॉक्टर बहुधा डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक किंवा सौम्य स्टेरॉइड क्रीम देतील, गरज पडली तर एर्लोटिनिबचा डोस कमी करतील किंवा थोडे दिवस थांबवतील. तो निर्णय त्यांचा.

ताप, पुरळातून पिवळा स्राव, अंगावर फोड, तोंडात जखमा, डोळा लाल होऊन दुखणं, यांतलं काही दिसलं तर वाट पाहू नका. गांधी उठून धाप लागली तर ती खरी ॲलर्जी, सरळ इमर्जन्सीत जा.

पुढे नखांच्या कडा सुजू शकतात, त्यामुळे नखं फार खोल कापू नका. पापण्यांचे केस वाढून आत वळू शकतात. डोळ्यात खुपायला लागलं की डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.