नवा ऑडिओ इंटरफेस आणलास? आधी जोडणी नीट लाव

गिटारचा आवाज पातळ, मेलेला येतोय म्हणालास ना? केबल बदलू नकोस. इंटरफेसवर (म्हणजे गिटार-माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या डब्यावर) इनपुटजवळचं ‘इन्स्ट’ किंवा ‘हाय-झी’ लिहिलेलं बटण दाब. गिटारचा पिकअप (तारांची कंपनं पकडणारा भाग) थेट लाइन इनपुटवर, म्हणजे जोरकस सिग्नलसाठीच्या इनपुटवर, जोडला की आवाजातली धारच जाते. नव्या मंडळींची ही सगळ्यात नेहमीची चूक. माझेही सुरुवातीचे कितीतरी टेक यातच वाया गेले.

माइकसाठी दोनच गोष्टी:

- कंडेन्सर असेल तर ४८ व्होल्टची फँटम पॉवर, म्हणजे इंटरफेसकडून केबलमधूनच माइकला जाणारी वीज, लागते. केबल आधी जोड, हेडफोनचा आवाज शून्यावर आण, मगच बटण दाब. नाहीतर कानात फाडकन आवाज येतो. शुअर एसएम ५८ सारख्या डायनॅमिक माइकला तिची गरज नाही.
- गेन (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते) लावताना पुटपुटू नकोस. गाण्यातली सगळ्यात जोरकस ओळ खरोखर गा. मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू दे. लाल दिवा लागला की फाटलेला आवाज नंतर धड दुरुस्त होत नाही.

गाताना स्पीकर बंद, हेडफोनच. स्वतःचा आवाज उशिरा ऐकू येत असेल तर ‘डायरेक्ट मॉनिटर’ चालू कर, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो.

कॉम्प्रेसर, प्लगइन असे आवाजावर संस्कार करणारे प्रकार सगळे नंतर. आज रात्री पंखा बंद करून एक अख्खं गाणं रेकॉर्ड कर आणि आम्हाला ऐकव.