खिचडी चिकट होते? आधी साबुदाणा नीट धुवा

दोन-तीन पाण्यांनी, गढूळपणा जाईपर्यंत. दाण्यांवरची पिठूळ भुकटी म्हणजे सुटा स्टार्च. कढईत तिचीच खळ होते. भिजवताना पाणी दाण्यांच्या जेमतेम वर ठेवा. चार-पाच तासांनी दाणा चिमटीत दाबा. आत कडक कणी लागली तर पाण्याचा हबका मारून झाकून ठेवा, घाई नको. शेंगदाण्याचं कूट आधीच चोळा, ते ओल शोषतं. दाणे पारदर्शक झाले की लगेच गॅस बंद.

आणि एक गंमत सांगते: साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, शिवाय शेंगदाणा, बटाटा, मिरची, सगळे मूळचे अमेरिका खंडातले! आपल्या उपवासाच्या ताटात किती लांबून आलेत, मला दर एकादशीला याचं नवल वाटतं.