गोळी सुटत नाही, म्हणजे मी व्यसनी झालो का?

मी समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या आसपासच्या माणसांचा हा ठरलेला प्रश्न. झोप लागत नाही किंवा छातीत धडधडतं म्हणून कधीतरी अल्प्राझोलाम नाहीतर क्लोनाझेपाम सुरू झालेली असते, ती वर्षानुवर्षं चालू राहते. मग कुणीतरी मोबाइलवर काहीबाही वाचून दाखवतं, माणूस हबकतो आणि एका रात्रीत गोळी बंद करतो. दोन-तीन दिवसांत हाल सुरू होतात. निष्कर्षही ठरलेला: एक तर जुना आजार उलटला, नाहीतर मेंदू कामातून गेला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथचं छोटं वर्कशॉप असलेल्या एका काकांची हकीकत सांगते. ओळख पटू नये इतके तपशील बदललेत. लॉकडाऊनमध्ये काम थांबलं, कर्जाचे हप्ते काही थांबले नाहीत, आणि झोप उडाली. ओळखीच्या डॉक्टरांनी पंधरा दिवसांसाठी अर्ध्या मिलिग्रॅमची अल्प्राझोलाम दिली, पुढे एक मिलिग्रॅम करून दिली. पंधरा दिवसांची चार वर्षं झाली. चिठ्ठी जुनी झाली तरी ओळखीवर स्ट्रिप मिळत राहिली. वास्तविक हे औषध शेड्यूल एच-१ मधलं, म्हणजे विक्रीवर कडक बंधनं असलेल्या औषधांच्या सरकारी यादीतलं. चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि दुकानदाराने विक्रीची वेगळी नोंदवही तीन वर्षं जपायची असते. नियम चांगला आहे, पाळला तर.

फार्मसी शिकणाऱ्या मुलीने घरी सांगितलं, "पप्पा, ही सवय लावणारी गोळी आहे." काकांनी त्या रात्रीपासून बंद केली. चौथ्या दिवशी काकू त्यांना घेऊन आल्या, थेट वर्कशॉपातून. शर्टाच्या खिशात बारीक मापं घ्यायचा मायक्रोमीटर तसाच होता. तो काढून त्यांनी माझ्यासमोर धरला. त्याचं थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, दोन बोटांत थांबत नव्हतं, अख्खा मायक्रोमीटर टेबलाच्या काचेवर टकटक आपटत होता. "तीस वर्सं ह्येच्यावर काम केलंय, मॅडम. आता रीडिंगच घेता येईना. आणि लेथचा आवाज सोसंना. सोताच्या दुकानात कानात कापूस घालून बसाय लागलोय." मग जरा थांबून, काकूंकडे न बघता, "मी दारू पीत न्हाई, तंबाखू खात न्हाई. आन् ह्या वयात व्यसनी झालो काय वो?"

त्या दिवशी समुपदेशन केलं नाही. बरीच वर्षं घेतलेली अशी गोळी एकदम तोडली तर फिट्ससुद्धा येऊ शकतात, आणि औषध देणं-थांबवणं माझ्या हातात नाही. मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला आणि दोघांना तिकडे पाठवलं. त्यांनी गोळी पुन्हा सुरू केली, आधी स्थिर होऊ द्या म्हणाले.

पुढच्या भेटीत हात थांबला होता, पण मान खालीच. "बघा, परत घ्यायच लागली." यंत्रावर आयुष्य काढलेल्या माणसाला "काळजी करू नका" म्हणून काही उपयोग नसतो, आत काय चाललंय ते दाखवावं लागतं. मी कागदावर दोन चेतापेशी काढल्या, मधे थोडी फट. ती फट म्हणजे सिनॅप्स. मेंदूच्या वरच्या थरात साधारण पाचातली एक पेशी अशी असते की तिचं कामच दुसऱ्या पेशींना गप्प करायचं. ती त्या फटीत गाबा नावाचं रसायन सोडते. समोरच्या पेशीवर गाबाला धरून घेणारे रिसेप्टर असतात, पाच प्रथिनांचे तुकडे गोल जुळून मधे बारीक छिद्र. गाबा चिकटला की छिद्र उघडतं, क्लोराइड आत शिरतं आणि ती पेशी सहजासहजी पेटत नाही. अल्प्राझोलाम त्याच रिसेप्टरवर बसते, पण दुसऱ्या जागी, अल्फा आणि गॅमा या दोन तुकड्यांच्या मधल्या खाचेत. एकटी ती छिद्र उघडू शकत नाही. गाबा आला की ते जास्त वेळा उघडेल एवढंच करते.

याचा शोध कसा लागला हेही मी बऱ्याचदा सांगते, कारण लोकांना वाटतं डॉक्टरांना पहिल्यापासून सगळं माहीत होतं. मेंदूत गाबा सापडलं १९५० मध्ये. लिओ स्टर्नबाख यांनी शोधलेलं या जातीचं पहिलं औषध बाजारात आलं १९६० मध्ये, डायझेपाम १९६३ मध्ये. आणि ही औषधं मेंदूत नेमकी कुठे चिकटतात ते कळायला १९७७ उजाडलं! तोवर जगभर माणसं गोळ्या घेतच होती. त्या १९७७ च्या शोधातले एक, हान्स म्योलर, पुढे झुरिकमध्ये सहकाऱ्यांसह उंदरांवर काम करत होते. अल्फा तुकड्याचे काही प्रकार असतात; त्यातल्या अल्फा-१ मधलं एकच अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतली एकच कडी, बदललेल्या उंदरांना डायझेपामने नेहमीसारखी गुंगी येईना, पण भीती मात्र कमी व्हायची. अल्फा-२ मध्ये तसाच बदल केल्यावर उलट झालं, भीतीवरचा परिणाम गेला. १९९९ आणि २००० साली हे छापून आलं. म्हणजे गुंगीची आणि भीतीची वाट वेगळी.

काका इथे सरळ बसले. "म्हंजे गोळीनं झोप तर पयल्यावानी येत नव्हती, तरी बंद केल्यावर जीव घाबरा झाला, ते ह्येच्यामुळं?" बरंचसं ह्यामुळेच. गुंगीचा परिणाम लवकर बोथट होतो, बाकीचा रेंगाळतो.

मग सवयीचा मुद्दा. हे रिसेप्टर सिनॅप्समध्ये जागेवर राहतात ते गेफिरिन नावाच्या प्रथिनाच्या आधाराने, आणि तेही कायमचे नाहीत. पेशीच्या पडद्यावर ते सरकत असतात, जुने आत ओढले जातात, नवे येतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर असं औषध सतत ठेवलं तर गेफिरिनची पकड सैल होते आणि रिसेप्टर सिनॅप्समधून सुटायला लागतात. शिवाय पेशींना चेतवणारी बाजू, म्हणजे ग्लुटामेटची, जोर धरते. अशा मेंदूतून गोळी अचानक काढली की हात थरथरतो, रोजचा आवाज सोसत नाही, झोप तर नाहीच.

"म्हंजे ब्रेक शू झिजलं," काका म्हणाले.

म्हटलं, "काका, झिजलेला शू आपोआप भरून येतो का? हे भरून येतं. फक्त सावकाश, आठवडे-महिने लागतात."

त्यांनी गोळी नशेसाठी घेतली नव्हती, चोरून वाढवली नव्हती, तिच्यापायी एक दिवस वर्कशॉप बंद ठेवलं नव्हतं. म्हणजे शरीराला सवय झाली होती, व्यसन नव्हतं. मी काकूंना एकच गोष्ट थांबवायला सांगितली: रोज रात्री स्ट्रिपमधल्या गोळ्या मोजणं. नवऱ्यावर चौकी बसवली की नवरा लपवायला शिकतो. मग मात्र खरंच व्यसनाच्या घरासारखं घर होतं.

डॉक्टरांनी हळूहळू अल्प्राझोलामच्या जागी डायझेपाम आणली, कारण अल्प्राझोलाम काही तासांत उतरते, डायझेपाम रक्तात कितीतरी जास्त रेंगाळते आणि झटके कमी बसतात. मग थोडी थोडी कमी. इंग्लंडात न्यूकॅसलला हेदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ गोळी सोडवण्याचा दवाखाना चालवला; हळू कमी करायची आणि वेग पेशंटच्या कलाने ठरवायचा, ही त्यांची पद्धत. आमचे डॉक्टरही त्याच मताचे. मार्चअखेरीला पेमेंटं अडकली तेव्हा काकांनी "ह्या महिन्यात नको" म्हटलं, तर डोस तिथेच ठेवला.

माझं काम झोपेचं. खोदून विचारल्यावर कळलं, काका उधारीचा हिशेब अंथरुणात, डोळे मिटून करत होते. कुणाचं बिल किती दिवस लटकलंय, बँकेला काय सांगायचं. आता तो हिशेब संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी वहीत लिहायचा आणि वही दुकानातच ठेवायची. झोप आली तरच अंथरुणात जायचं, बराच वेळ तळमळ झाली तर उठून बाहेर बसायचं, रात्र कशीही गेली तरी सकाळी ठरल्या वेळी उठायचं, दुपारची डुलकी बंद. या शेवटच्या अटीवर सगळ्यात जास्त भांडण झालं. रविवारचं मटण खाऊन न झोपणारा माणूस कोल्हापुरात मिळणं अवघडच. रविवारपुरता वीस मिनिटांचा तह झाला. पहिले पंधरा दिवस झोप आणखी बिघडली, ती बिघडतेच, आणि आधी सांगून ठेवलं होतं म्हणून त्यांनी सोडून दिलं नाही.

मधे एकदा त्यांनी हळूच विचारलं, त्रास होईल त्या रात्री एखादा पेग चालंल काय. अजिबात नाही. दारूचा परिणामही बराचसा याच रिसेप्टरांवर होतो, आणि गोळी व दारू एकत्र आली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

सध्या डोस सुरुवातीच्या पावाच्याही खाली आहे. मायक्रोमीटर स्थिर आहे, झोप पाच-सहा तास, मधे एकदा जाग. परवा काका आले ते मेहुणीची स्ट्रिप घेऊन. ती पण सहा वर्षं घेतेय म्हणे. "तिला सांगू काय, आजपासनं बंद कर म्हणून?"

म्हटलं, "आज रात्री नेहमीची गोळी घेऊ दे तिला. आणि ह्या आठवड्यात डॉक्टरांकडे घेऊन या."